बंगला कोणाला हवाय

माझी सगळी नोकरी लोकांच्या घरात शिरण्यात गेली. चोर नव्हतो, गॅसचे मीटर वाचायचो. पूर्व लंडनच्या गल्ल्यांमधून फिरायचं, दार वाजवायचं, ओळखपत्र दाखवायचं आणि परक्या माणसाच्या जिन्याखाली डोकं खुपसून आकडे टिपायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी कुणाच्याही घरी गेलो की माझी नजर आधी मीटर शोधते आणि मग यजमान. बायको म्हणते, तुमचा स्वभावच संशयी. मी म्हणतो, स्वभाव नव्हे, पेशाची सवय. ज्या घराचं दार उघडायला वेळ लागतो आणि उघडल्यावर मालक गरजेपेक्षा जास्त गोड बोलतो, तिथे मीटरशी कुणीतरी खेळलेलं असतं. हे मी कितीदा तरी पाहिलंय.

इंग्रज माणसं मला कधी नीट कळली नाहीत, पण त्यांची घरं कळतात. फ्लॅटवाल्यांचे मीटर जिन्याच्या वळणावर एका कपाटात रांगेनं असतात, आणि प्रत्येकाला वाटतं की शेजाऱ्याचं बिल आपल्यावर चढतंय. सेमी-डिटॅच्ड म्हणजे एका घराचे उभे दोन तुकडे. त्यातला एक आपल्या वाटणीची भिंत पांढरी रंगवतो आणि दुसरा मुद्दाम रंगवत नाही. डिटॅच्ड, म्हणजे चारी बाजूंनी सुट्या, घरात मीटरपर्यंत पोचायला आधी कुत्र्याची परवानगी लागते. आणि टेरेस्ड म्हणजे आमच्यासारख्यांची घरं. एकाला एक चिकटून उभी असतात, दोन्ही भिंती शेजाऱ्यांशी सामाईक, आणि मीटर जिन्याखाली, चपला, छत्र्या आणि केर ओढणाऱ्या हूव्हरच्या मागे.

राहता राहिला बंगला. आपल्याकडे बंगला म्हटलं की माणूस मान वर करून बघतो. इथे बंगला म्हणजे एकमजली, बसकं घर, आणि आत शक्यतो म्हातारी माणसं. बंगल्याची बेल वाजवून मी बराच वेळ उभा राहायचो. आतून काठीचा आवाज यायचा, मग साखळीचा, मग "कोण आहे?" आत हीटिंग इतकं लावलेलं असायचं की माझा चष्मा धुरकट व्हायचा. मीटर वाचून झालं तरी ती माणसं जाऊ द्यायची नाहीत, चहा घे म्हणायची. बाहेर पडताना मला दरवेळी वाटायचं, हा शेवटचा स्टॉप आहे. इथून पुढे बस जात नाही.

आमचं घर इल्फर्डला आहे. मिड-टेरेस, पुढे बाहेर आलेली बे विंडो, मागे चिंचोळी बाग, आणि दार उघडल्याबरोबर समोर सरळ वर जाणारा अरुंद जिना. नागपूरहून आलो तेव्हा एका खोलीत तिघे राहायचो. मग लॉन्ड्रीच्या वरचा फ्लॅट, आणि मग हे. दोन्ही मुलं इथेच जन्मली, वाढली. या घराचा प्रत्येक पाइप मला माहीत आहे. या घरातून मी आडवा होऊनच बाहेर पडणार, हे मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. मुलांना, शेजाऱ्यांना, आणि एकदा तर दारावर आलेल्या इस्टेट एजंटालाही. तो पोरगा दोन पावलं मागे सरकला होता.

म्हणून त्या दिवाळीनंतरच्या रविवारी मुलगा ईलिंगहून एकटाच आला, तेव्हाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. मुलगा फायनान्समध्ये आहे. त्याच्याकडे वेळ सोडून सगळं असतं. तो चकली खात बसला, फोनला हात लावला नाही, आणि मग म्हणाला, "बाबा, तुम्ही दोघं कधी कुठे जातच नाही. डिसेंबरमध्ये एक छोटी सिटी ब्रेक घ्या ना. क्रिसमस मार्केट्स असतात, लाइट्स असतात. माझा ट्रीट."

इथे जन्मलेल्या मुलांचं मराठी लिंगाच्या बाबतीत उदार असतं, तिकडे मी कानाडोळा करतो. पण ट्रीट? हा मुलगा मला विमानतळावरून आणतो तेव्हासुद्धा पार्किंग किती महाग झालंय ते ऐकवतो.

"थंडीत कुणी फिरायला जातं का?" मी म्हटलं.

"थंडीतच मजा असते, बाबा. एव्हरीबडी डझ इट."

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "जाऊया की. मलाही बरं वाटेल." तिनं हे इतक्या पटकन म्हटलं की मी तिच्याकडे वळून पाहिलं. ती फरसाणाचा डबा पुसत होती. तो डबा स्वच्छच होता.

बरं, जायचंच तर मी म्हटलं एडिंबराला जाऊ. आमच्या ऑफिसात कितीतरी वर्षं एडिंबराच्या किल्ल्याचं चित्र टांगलेलं होतं, बर्फातलं. ते बघत मी डबा खायचो. कधीतरी बघायचं राहून गेलं होतं. मी एडिंबरा म्हटलं आणि मुलानं पटकन विषय बदलला. रात्री मुलीचा लीड्सहून फोन आला. ती तिथल्या हॉस्पिटलमध्ये फार्मसिस्ट आहे. म्हणजे मुलगा आमच्या घरातून ईलिंगला पोचायच्या आत बातमी लीड्सला पोचली होती.

"बाबा, एडिंबरा नको. तिथे खूप चढउतार आहे. यॉर्कला जा ना. यॉर्क कसं सपाट आहे."

सपाट! कुणी शहर सपाट आहे म्हणून बघायला जातं? मी म्हटलं, सपाटच बघायचं तर एसेक्सचं मैदान बघतो, बसनं जाता येईल. ती हसली, पण ते हसू खरं नव्हतं. आणि यॉर्क कुठे आहे? लीड्सच्या बगलेत. ट्रेननं अर्ध्या तासावर. तेव्हाच मला कळलं की कुठेतरी पाणी मुरतंय.

आमच्या घरात एक जुनी रीत आहे, आणि ती बऱ्याच घरांत असावी. मला काही सांगायचं असेल तर मला कधीच सरळ सांगत नाहीत. बायको मुलीला सांगते, मुलगी भावाला सांगते, आणि भाऊ मला सांगतो, तेही काहीतरी खायला घालून झाल्यावर. मुलगी परजातीत लग्न करणार हे मला असंच कळलं. मुलानं नोकरी बदलली हेही असंच. त्यामुळे सहलीची गोष्ट मुलाकडून आली म्हणजे तिचं मूळ त्याच्यात नाही, एवढं मला समजत होतं. मी ठरवलं, मूळ मुलीत आहे. तीच सगळ्यात हुशार आहे आणि लहानपणापासून तिला माणसं हलवायची सवय आहे.

मग मी लक्ष ठेवायला लागलो.

पहिली गोष्ट देव्हाऱ्याची. आमचा देव्हारा वरच्या बॉक्स रूममध्ये असायचा. बॉक्स रूम म्हणजे इंग्रजांनी घरात ठेवलेली अशी खोली, जिच्यात पलंग मावला तर माणूस मावत नाही. देवांना मात्र ती पुरायची. एका सकाळी मी खाली आलो तर देव्हारा पुढच्या खोलीत, बे विंडोपाशी. कुणी उचलून आणला विचारलं तर म्हणे, पलीकडच्या घरातला मुलगा आला होता मदतीला. "इथे उजेड बरा पडतो," बायको म्हणाली. इतक्या वर्षांत देवांनी कधी उजेडाची तक्रार केली नव्हती. मला उघड दिसत होतं, कुणीतरी बॉक्स रूम रिकामी करून घेतंय. घर विकायला काढलं की एजंट पहिली तीच सूचना करतो, खोल्या रिकाम्या करा, म्हणजे मोठ्या दिसतात.

दुसरी गोष्ट कपांची. मी मंगळवारी लायब्ररीत जातो. एका मंगळवारी लवकर परतलो तर सिंकजवळ तीन कप पालथे घातलेले, आणि तेही कपाटातले सोनेरी काठाचे, पाहुण्यांचे. शेजारीण आली तर तिला आम्ही रोजच्या मगमध्येच चहा देतो.

"कोण आलं होतं?"

"कुणी नाही. कप धुवून ठेवले. धूळ बसली होती."

मी वर गेलो. बेडरूमच्या कार्पेटवर, खिडकीपाशी, टोकदार बुटांचे ठसे होते. हे मी ओळखतो. मीटरवाल्याचे बूट जाड असतात, प्लंबरचे चिखलाचे असतात, आणि टोकदार बूट घालून घरात शिरणारा माणूस फक्त एकच काम करतो. भिंतींवर लाल दिव्याचं यंत्र धरून खोल्या मोजतो. मी ते ठसे बायकोला दाखवले नाहीत. चोराला लगेच पकडायचं नसतं, हे मी नोकरीत शिकलो होतो. आधी मीटर नीट बघून घ्यायचा.

तिसरी गोष्ट फोनची. बायको स्वयंपाकघरात स्पीकरवर मुलीशी बोलत असायची आणि मी दारात आलो की विषय एकदम साखरेवर यायचा. "हो गं, साखर संपलीये." आमच्या घरात साखर कधी संपत नाही. मी डायबेटिक आहे.

रात्री मी पडून हिशोब मांडायचो. मुलांना घर विकायचंय. आम्हाला यॉर्कला पाठवायचं, आणि तिथून गोड बोलून लीड्सला नेऊन एखादा बंगला दाखवायचा. बाबा, बघा तरी, जस्ट हॅव अ लुक. मला तो सगळा संवाद ऐकू यायचा. मी बायकोलाही सांगून पाहिलं, "पोरं काहीतरी शिजवतायत." ती दुसऱ्या कुशीवर वळली आणि म्हणाली, "तुम्हाला सगळीकडे तेच दिसतं." तेव्हा ती खालच्या सोफ्यावर झोपायला लागून काही महिने झाले होते. माझं घोरणं वाढलंय म्हणे. त्या रात्री मात्र ती वर आली होती, थंडी फार होती म्हणून. मला वाटलं, निदान ही तरी माझ्या बाजूला आहे. भोळी आहे, पोरांच्या गोड बोलण्यात येईल, हिला सांभाळायला हवं.

सहलीची आखणी मग मुलगी आणि बायको अशी चालवायला लागल्या की जणू दिल्लीहून कुणी मंत्रीच येणार आहे. हॉटेलला लिफ्ट आहे का? खोली कितव्या मजल्यावर? बाथरूममध्ये टब आहे की शॉवर? टब असेल तर नको. स्टेशनपासून टॅक्सी मिळेल का? मी म्हटलं, यॉर्कला जातोय की हॉस्पिटलात? दोघी एकदम गप्प. मला ते गप्प होणं आवडलं. आपला बाण कुठेतरी लागतोय असं वाटलं.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही गेलो. यॉर्क छान आहे, उगाच खोटं कशाला बोलू. लाकडी स्टॉल, दालचिनीचा वास, वाकडीतिकडी जुनी घरं एकमेकांच्या अंगावर झुकलेली. मी त्या घरांकडे बघत होतो आणि बायको जमिनीकडे. फरशी ओबडधोबड होती. तिनं माझा दंड धरला होता. लग्नानंतर भर रस्त्यात दंड धरल्याचं मला आठवत नाही. तेव्हाही मला प्रेमाच्या आधी संशयच आला. ही मला कुठेतरी वळवत नेतेय की काय, म्हणून.

दुपारी आम्ही शहराच्या जुन्या तटबंदीपाशी आलो. दगडी पायऱ्या चढून वर गेलं की तटावरून चालता येतं, खाली सगळं गाव दिसतं.

"तुम्ही जाऊन या," बायको म्हणाली. "मी इथे बाकावर बसते."

"एवढं आलोय तर चल ना."

"जा हो तुम्ही. मला गार वारा नको."

वारा तर बाकावरही होता. मी वर गेलो, थोडं पुढे गेलो, आणि दगडाआडून खाली पाहिलं. तिनं पर्समधून फोन काढून कानाला लावला होता. बोलली, मान हलवली, फोन ठेवला. आणि थोड्या वेळानं चौकातून हिरव्या जॅकेटमध्ये कोण चालत आलं? आमची मुलगी. जिनं सांगितलं होतं की या आठवड्यात तिला सुट्टी मिळणार नाही. ती आईशेजारी बसली आणि दोघी डोक्याला डोकं लावून बोलायला लागल्या.

मी पायऱ्या अशा उतरलो की खालचा एक इंग्रज बाजूला झाला. "वा," मी म्हटलं, "सरप्राइज का?"

मुलीचा चेहरा पडला. "बाबा, मी सांगणारच होते."

जवळच्या चहाच्या दुकानात जाऊन बसलो. छत बुटकं, टेबलं छोटी, आणि एवढीशी किटली. मी चहा ओतायची वाट पाहिली नाही. आधी बूट, मग कप, मग साखर, सगळं बाहेर काढलं. मुलगी ऐकत होती आणि टेबलक्लॉथची कडा दुमडत होती.

"बंगला बघायला आणलंत ना मला?"

"हो, पण बाबा, लिसन..."

"कुठे आहे?"

"माझ्याजवळ. लीड्सच्या जरा बाहेर. उद्या सकाळी व्ह्यूइंग आहे. फक्त बघायचंय."

"आणि माझं घर विकायला किती दिवस झाले काढून? कुणाला हवाय हा बंगला? तुला की तुझ्या भावाला?"

मुलीनं माझ्याकडे बघितलंच नाही. तिनं आईकडे बघितलं.

"मला," बायको म्हणाली.

मी हसलो. खरंच हसलो. मला वाटलं, पोरीला वाचवायला पुढे येतेय.

"मला हवाय," ती पुन्हा म्हणाली. "त्या एजंटाला मी बोलावलं होतं. देव्हारा मी हलवला. पोरांना मीच सांगितलं, तुमच्याशी बोला म्हणून. त्यांनी केलं नसतं तर मीच केलं असतं."

आजूबाजूला लोक केक खात होते. एक बाई आमच्याकडे बघून पटकन दुसरीकडे बघायला लागली. मला कळेना राग कुणावर काढायचा. इतके दिवस मी ज्यांच्यावर पहारा ठेवला होता ते दोघं निर्दोष निघाले, आणि जिला मी माझ्या बाजूची समजत होतो तीच.

"का?" मी विचारलं.

"जिना चढवत नाही मला."

"मग मला सांगायचं."

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, मेथीचे लाडू खा."

मला ते आठवलं. मी नुसतं म्हटलं नव्हतं, इल्फर्ड लेनवरून मेथीही आणून दिली होती.

मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, आईची गुडघा..." आणि थांबली. मी तिच्याकडे असं बघितलं असेल की पुढे काही बोलायची तिची हिंमत झाली नाही. मी म्हटलं, ऑपरेशन करू. बायकोनं सांगितलं, डॉक्टर म्हणतात, रांगेत थांबावं लागेल, आणि हृदयाचंही बघावं लागेल. मी म्हटलं, मग जिन्याला ती विजेवर वर-खाली सरकणारी खुर्ची लावू. बायको म्हणाली, "खुर्चीत बसून वर जायचं, आणि मग वर बसून खाली कोण आलं ते ऐकायचं. ते नकोय मला. मला खाली स्वयंपाक करायचाय, खाली झोपायचंय, आणि लेक दहा मिनिटांवर हवीय."

"मी सही करणार नाही," मी म्हटलं. तिनं चहा ओतला. तो एव्हाना काळा झाला होता.

दुसऱ्या दिवशी बंगला बघायला गेलो, कारण परतीची ट्रेन दुपारची होती आणि मला एकट्याला यॉर्कमध्ये बसायचं नव्हतं. आतापर्यंत मी कितीतरी बंगल्यांत शिरलो होतो, पण माझ्या नावाचा एकही नव्हता. एजंट एक तरुण मुलगी होती, सारखी "लव्हली" म्हणणारी. मी आधी मीटर शोधला. बाहेरच्या भिंतीवर पांढऱ्या पेटीत होता. त्यात मला नावं ठेवण्यासारखं काही सापडलं नाही, याचा मला राग आला. मग मी बाथरूमच्या कोपऱ्यात ओल शोधली आणि सापडली. गॅरेजचं दार चिकटत होतं. बागेत उतार होता. मी सगळं मोठ्यानं बोलून दाखवलं.

बायकोचं तिकडे लक्ष नव्हतं. ती स्वयंपाकघरातून बेडरूममध्ये गेली, तिथून बाथरूममध्ये, परत स्वयंपाकघरात, आणि पुन्हा बेडरूममध्ये. भराभरा चालत होती. हात रिकामे, मान वर. मला वाटलं, मला दाखवायलाच चाललीय. मुलीनं खिडकीतून बाहेर बघत डोळे पुसले. तेही मला नाटकच वाटलं. पोरीनं कधीपासून एवढं रडायला घेतलं?

ट्रेनमध्ये आम्ही समोरासमोर बसलो. बाहेर सपाट शेतं, वर राखाडी आभाळ. मी मनात एकेक मुद्दा तयार करत होतो. डॉक्टर, खुर्ची, गरज पडली तर खाली बाथरूम काढू, जिन्याखालच्या जागेत बसतं. मीटर हलवून घेता येतो. मी सगळी सोय करीन, पण माझ्या घरात. प्रत्येक मुद्दा माझ्या घराकडेच जात होता, तिच्याकडे नाही, हे मला तेव्हा कळलं नाही.

इल्फर्डला पोचलो तेव्हा चार वाजले होते आणि अंधार पडायला लागला होता. मी हीटिंग लावलं, पत्रं उचलली. बायकोनं कोट काढला आणि म्हणाली, "अहो, जरा दूध घेऊन येता का? संपलंय."

मी बाहेर पडलो. कोपऱ्यापर्यंत गेलो आणि थांबलो. जायच्या आदल्या दिवशी मीच मोठं कॅन आणून फ्रीजमध्ये ठेवलं होतं, परत आल्यावर चहाला असावं म्हणून. ते अजून उघडलंही नव्हतं. पुन्हा साखरेचा प्रकार. मला घराबाहेर काढून ती आता मुलीला फोन लावणार, माझ्याविरुद्ध पुढचा बेत ठरवणार. या वेळी मी रंगेहाथ पकडायचं ठरवलं. परत फिरलो, फाटक हळू उघडलं, किल्ली अशी फिरवली की आवाज होऊ नये. ही कला मला येते. दार ढकललं.

बायको जिन्यावर होती. अर्ध्यावर. दाराकडे तोंड करून बसलेली. मांडीवर प्रवासातून आणलेल्या कपड्यांची पिशवी. दोन्ही हात मागच्या पायरीवर टेकवून तिनं अंग उचललं, वरच्या पायरीवर ठेवलं, मग एक पाय हातानं धरून वर घेतला. पुन्हा हात मागे टेकवले, आणि तेव्हा मी दिसलो.

तिचा श्वास मला दारापर्यंत ऐकू येत होता.

"दूध?" ती म्हणाली.

"काय करतेयस?"

"वर चाललेय. ब्लँकेट आणायचंय."

"अशी?"

"अशीच जाते. तुम्ही बाहेर गेलात की." तिनं पिशवी नीट केली. "तुम्ही घरात असलात की उभ्यानं चढते."

"का?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं की एवढंही कळत नाही का. "तुम्हाला हे घर आवडतं ना."

मला रडू आलं. सांगायला लाज वाटत नाही. इतक्या घरांचे जिने मी पाहिले, सगळ्यांच्या खाली डोकं घालून पाहिले, आणि माझ्या घराच्या जिन्यावर माझी बायको अशी चढते हे मला चोरून आत आल्यावर कळलं. मी दार लावलं. कोट तसाच अंगावर. जिना चढून तिच्या खालच्या पायरीवर बसलो. जागा अरुंद होती, तिचे गुडघे माझ्या पाठीला लागत होते. मी फोन काढला आणि मुलीला लावला.

"बाबा?" तिचा आवाज सावध होता. "काय झालं?"

"तो बंगला गेला का अजून आहे, ते विचार त्या मुलीला. आजच विचार."

तिला माझ्यावर संशय आला होता. "कुठला बंगला, बाबा?"

"तुझ्या आईचा," मी म्हटलं.